पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळलेल्या काड्यांपासून) नॅनोसेल्युलोज आणि त्यापासून जंतुरोधक फिल्म व कापड: कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायची पद्धत

नॅनोसेल्युलोज स्वतः एकही जिवाणू मारत नाही. हे आधी पक्कं डोक्यात बसलं पाहिजे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. जंतूंसाठी त्यात विष नाही. नुसता नॅनोसेल्युलोजचा जेल उघड्या भांड्यात टेबलावर ठेवून बघा, काही दिवसांत त्यावर बुरशीचे ठिपके दिसतील. मग त्याचा उपयोग काय? त्याचे धागे काही नॅनोमीटर जाडीचे असतात, त्यामुळे ग्रॅमभर मालाला प्रचंड पृष्ठभाग मिळतो. त्या पृष्ठभागावर ऋणभार असलेले कार्बोक्सिल गट बसवले, की जस्त, तांबं, चांदी किंवा कायटोसान (कोळंबीच्या टरफलापासून बनणारं, धन भाराचं द्रव्य) त्यावर घट्ट धरून ठेवता येतं. मारणारा घटक वेगळा आणि धरणारा वेगळा. किती धरलं, किती घट्ट धरलं आणि धुतल्यावर किती उरलं, या तीन प्रश्नांची उत्तरं आकड्यांत देता आली तरच तुमचा माल जंतुरोधक म्हणायचा.

ही पद्धत यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावतीकडच्या अशा कॉलेजांसाठी आहे जिथे रसायनशास्त्राची आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा शेजारी-शेजारी आहे. शेतकरी उत्पादक कंपनीला मशिनरीत पैसे घालण्याआधी नमुना करून बघायचा असेल, तर तिनेही अशाच कॉलेजला सोबत घ्यावं. घरच्या स्वयंपाकघरात मात्र यातलं काहीही करू नका. पीएच मीटर, मॅग्नेटिक स्टरर, हवा ओढणारं फ्यूम कपाट, ऑटोक्लेव्ह आणि इन्क्युबेटर या पाच गोष्टी नसतील तर सुरुवातच करू नये.

कच्चा माल

पऱ्हाटी विदर्भात मुबलक आहे आणि बहुतेक धुऱ्यावर जळते. प्रयोगासाठी घेताना शेवटची वेचणी झाल्यावर लगेच उपटलेली घ्या. फरदड घेतलेल्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक पुढे राखलेल्या, शेतातली पऱ्हाटी टाळा. तिच्यावर न फुटलेली बोंडं राहतात आणि त्यांत गुलाबी बोंडअळीच्या सुप्त अळ्या आणि कोष असतात. अशी पऱ्हाटी कॉलेजात किंवा गोदामात आणून रचली, तर पुढच्या हंगामातला पतंग आपणच सांभाळून ठेवल्यासारखं होतं. बोंडं, पानं आणि मुळं शेतातच काढून टाका, काडीचे २ ते ३ सेंटिमीटरचे तुकडे करा, दोनदा पाण्याने धुवा. माती राहिली तर पुढे फिल्ममध्ये करडे कण दिसतात. फवारणीचे काही अवशेषही या धुण्यात निघतात.

हात बसेपर्यंत मेडिकलच्या दुकानातला शोषक कापूस वापरला तरी चालतं. त्यात लिग्निन (लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारं द्रव्य) जवळपास नसतं, त्यामुळे लगदा शिजवण्याची पायरी वाचते. पण कापसाचं सेल्युलोज फार स्फटिकी असतं, त्याचे धागे सुटे व्हायला वेळ लागतो आणि मिक्सर जास्त चालवावा लागतो. पऱ्हाटीच्या लगद्यात थोडं हेमिसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजसोबतच्या आखूड शर्करा-साखळ्या, उरतं. ते धाग्यांच्या मधे बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून पुढची फोड सोपी जाते. कापसापेक्षा त्याची काडी या कामाला सोयीची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवल वाटतं, पण मिक्सरसमोर उभं राहिलं की पटतं.

लगदा

वाळलेल्या तुकड्यांचे १०० ग्रॅम, पाणी १ लिटर, कास्टिक सोडा ४० ग्रॅम. स्टेनलेस स्टीलच्या झाकणबंद भांड्यात, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर २ तास. काळं पाणी काढा, तुकडे धुवा, तेवढाच ताजा कास्टिक घालून पुन्हा २ तास. दुसऱ्या शिजवणीनंतर काडी बोटांनी चुरली तर तंतू सुटे झाले पाहिजेत. नाही झाले तर तिसरी शिजवणी द्या.

भांड्याबद्दल ठासून सांगायचं आहे: ॲल्युमिनिअमचा कुकर किंवा पातेलं चुकूनही वापरू नका. कास्टिक ॲल्युमिनिअम खातो, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, आणि बंद कुकरमध्ये तो साठला तर काय होईल ते सांगायला नको. आणि कास्टिक नेहमी पाण्यात घाला, कास्टिकवर पाणी ओतू नका. चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे हवेतच.

आता विरंजन, म्हणजे लगदा पांढरा करणं. कोरड्या वजनाने १० ग्रॅम होईल एवढा ओला लगदा ३२० मिली पाण्यात घ्या, वॉटर बाथवर ७० ते ७५ अंशांवर ठेवा. त्यात सोडिअम क्लोराइट ३ ग्रॅम आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड १ मिली घाला. तासाने पुन्हा तेवढंच क्लोराइट आणि तेवढंच ॲसिड. असं तीन ते चार वेळा. लगदा पिवळट, मग पांढरा होतो. या वेळी क्लोरीन डायऑक्साइड हा पिवळा विषारी वायू निघतो, म्हणून सगळं काम फ्यूम कपाटात, पंखा चालू ठेवून करायचं. क्लोराइटची कोरडी पावडर कागद, कापूस, लाकडाचा भुसा यांच्या जवळ ठेवायची नाही. घर्षणानेही पेट घेते. ज्यांना क्लोराइट टाळायचं आहे त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करावं. रंग उजळतो, पण लिग्निन पूर्ण निघत नाही आणि पुढच्या पायरीत हायपोक्लोराइट जास्त खर्च होतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पेरॉक्साइड लगद्याला लागायच्या आतच फुकट फुटून जातं.

सगळं नीट झालं तर १०० ग्रॅम काडीतून साधारण ३० ते ४० ग्रॅम पांढरा लगदा हाती येतो, कोरड्या वजनाने.

आणि आता ती चूक, जी विदर्भात हमखास होते: लगदा उन्हात वाळवणं. मिरची, तूर, हळद सगळं आपण उन्हात वाळवतो, हात आपोआप छताकडे जातो. पण सेल्युलोजचा लगदा एकदा खडखडीत वाळला की शेजारचे धागे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी कायमचे चिकटतात. नंतर कितीही भिजवला, कितीही फिरवला तरी ते पूर्ण सुटे होत नाहीत. जेल खरखरीत येतो आणि खाली गाळ बसतो. लगदा ओलाच पिळून, पिशवीत बंद करून फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवा. फ्रीजरमध्येही नाही, कारण बर्फाचे स्फटिक तेच काम करतात. कोरडं वजन कळण्यासाठी फक्त ५ ग्रॅम ओला लगदा ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. त्याचं १ ग्रॅम उरलं तर लगद्यात २० टक्के घन भाग आहे, म्हणजे १० ग्रॅमसाठी ५० ग्रॅम ओला लगदा घ्यायचा.

काळ्या पाण्याचं काय करायचं, हे शिजवण्याआधीच ठरवा. ते नाल्यात सोडायचं नाही आणि शेतातही नाही. त्यातला सोडिअम काळ्या जमिनीचे कण विस्कटून टाकतो. पावसात ती जमीन चिबडते आणि उन्हात दगड होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. ड्रममध्ये साठवा, आम्लाने पीएच ७ वर आणा आणि कॉलेजच्या रासायनिक सांडपाण्याच्या व्यवस्थेतच द्या. क्लोराइटच्या पाण्यात सोडिअम थायोसल्फेट घालून उरलेला क्लोरीन मारून मगच ते बाहेर जाऊ द्या.

धाग्यांवर भार बसवणं

इथे टेम्पो नावाचं उत्प्रेरक लागतं. नारिंगी स्फटिक असतात आणि महाग असतात, पण फार थोडे लागतात. जपानमधल्या सायतो आणि इसोगाई यांनी या रसायनाने लाकडाच्या लगद्याचे धागे सौम्य ढवळण्याने सुटे करण्याची पद्धत बसवली. तिच्या मागे उभ्या असलेल्या इसोगाई, सायतो आणि निशियामा या तिघांना वन-उद्योगाशी संबंधित संशोधनासाठीचं २०१५ चं मार्कस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं. या पद्धतीमुळे महागड्या होमोजिनायझरशिवाय (जोराच्या दाबाने धागे फोडणाऱ्या यंत्राशिवाय) काम भागतं, म्हणून ग्रामीण प्रयोगशाळेसाठी आम्ही हीच सुचवतो. गंधकाम्लाने नॅनोस्फटिक काढण्याची जुनी रीतही आहे, पण ६४ टक्के आम्ल, ४५ अंश तापमान आणि नंतर अनेक दिवसांचं डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून आम्ल धुऊन काढणं) हे विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचं काम नाही.

१० ग्रॅम कोरड्या लगद्यासाठी: एकूण पाणी १ लिटर, टेम्पो ०.१६ ग्रॅम, सोडिअम ब्रोमाइड १ ग्रॅम, आणि ५० मिलीमोल सोडिअम हायपोक्लोराइट. शेवटचा आकडाच सगळ्यात जास्त फसवतो. बाटलीवर १२ टक्के लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात ४४-४५ अंशांत दुकानाच्या गोदामात पडून राहिलेल्या हायपोक्लोराइटचा जोर बराच उतरलेला असतो. म्हणून दर वेळी टायट्रेशन करा: १ मिली नमुना, १ ग्रॅम पोटॅशिअम आयोडाइड, ५ मिली ॲसेटिक ॲसिड, आणि स्टार्च घालून ०.१ नॉर्मल थायोसल्फेट. जितके मिली थायोसल्फेट लागलं त्या आकड्याने १००० ला भागा. उत्तर म्हणजे १० ग्रॅम लगद्याला लागणारं हायपोक्लोराइट, मिलीमध्ये. ताज्या १२ टक्के मालाला जवळपास ३४ मिली थायोसल्फेट लागतं, म्हणजे हायपोक्लोराइट सुमारे ३० मिली. थायोसल्फेट २० मिलीच लागलं, तर हायपोक्लोराइट ५० मिली घ्यायचं.

टेम्पो आणि ब्रोमाइड पाण्यात पूर्ण विरघळल्यावरच लगदा घाला. हायपोक्लोराइटचा पीएच वेगळ्या भांड्यात, कपाटात, पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या थेंबांनी १० वर आणा. घाईत ॲसिड जास्त पडलं आणि पीएच फार उतरला तर क्लोरीन सुटतो. मग हे द्रावण ढवळत्या लगद्यात थोडं थोडं घालत जा. विक्रिया सुरू झाली की पीएच आपोआप घसरतो. ०.५ मोलर कास्टिकच्या थेंबांनी तो १० ते १०.५ मध्ये धरून ठेवा. बाजूला एक माणूस सतत हवा. दोन-तीन तासांनी कास्टिक लागणं थांबतं, पीएच जागेवर राहतो. म्हणजे विक्रिया संपली. १० मिली इथेनॉल घालून उरलेलं हायपोक्लोराइट संपवा आणि पीएच ७ वर आणा.

भारनियमनाचं वेळापत्रक बघून दिवस निवडा. स्टरर मधेच बंद पडला तर भांड्यात एका ठिकाणी पीएच घसरतो, दुसऱ्या ठिकाणी चढतो, आणि लगदा असमान होतो. इन्व्हर्टरवर स्टरर आणि पीएच मीटर सहज चालतात. उन्हाळ्यात भांडं गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा. २५ अंशांच्या आसपास काम चांगलं होतं. ४० अंशांवर साखळ्या तुटून धागे आखूड होतात आणि फिल्म ठिसूळ येते.

धुण्याचं पाणी डिस्टिल्डच हवं. विहिरीच्या जड पाण्यातला कॅल्शिअम दोन धाग्यांवरचे कार्बोक्सिल गट एकत्र बांधतो, आणि लगदा फुटायच्या आधीच गोळा होतो. मलमलीवर गाळा, पुन्हा पाण्यात ढवळा, पुन्हा गाळा. निथळलेल्या पाण्याचा थेंब पोटॅशिअम आयोडाइड-स्टार्च कागदावर टाका. निळा डाग आला तर हायपोक्लोराइट अजून आहे. हा डाग पूर्ण जाईपर्यंत धुवा. कारण पुढे चाचणीच्या प्लेटमध्ये जंतू मेले तर ते जस्ताने मेले की उरलेल्या ब्लीचने, हे कोणालाच सांगता येणार नाही.

भार बसला का, हे पाच मिनिटांत कळतं. दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत साधा विरंजित लगदा, दुसरीत हा नवा लगदा, दोन्हींत अतिशय पातळ मेथिलीन ब्लू. हलवा, मग लगदा खाली बसू द्या. साध्या लगद्यावर फिकट आकाशी छटा येते आणि वरचं पाणी निळंच राहतं. नव्या लगद्यावर गडद निळा चढतो आणि वरचं पाणी जवळपास नितळ होतं. धन भाराचा रंग ऋण भाराच्या धाग्यांनी ओढून घेतला. आकडा हवा असेल तर कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन (द्रावणाची विद्युतवाहकता मोजत केलेलं) करा. ग्रॅममागे १ मिलीमोल कार्बोक्सिलच्या आसपास आलं तर माल पुढे न्यायला हरकत नाही.

मिक्सर

लगदा ०.५ टक्के घनतेला आणा, म्हणजे २०० मिलीत १ ग्रॅम. घरगुती मिक्सरचं मोठं भांडं चालतं. एक मिनिट फिरवा, एक मिनिट थांबा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा. एकूण फिरवण्याचा वेळ १० ते १५ मिनिटं. कापूस असेल तर त्याहून जास्त. दुधाळ लगदा हळूहळू पारभासक होतो आणि घट्टसर जेल बनतो. अल्ट्रासॉनिक प्रोब असेल तर शेवटी ५ मिनिटं द्या. मग ४००० ते ५००० फेऱ्यांवर २० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून न फुटलेले तंतू खाली बसवा आणि वरचा भाग घ्या.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा फोटो नंतर विद्यापीठातून मागवता येईल. रोजच्या कामाला एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन पोलरायझर (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी जाऊ देणाऱ्या पट्ट्या) पुरतात. त्यांच्यामध्ये जेलची बाटली धरून हलवली की अंधारात रंगीत, उजळ पट्टे दिसतात. धागे सुटे होऊन एका दिशेने वळल्याची ती खूण आहे. पट्टे नाहीत आणि नुसते पांढरे ठिपके दिसले, तर माल अजून लगदाच आहे.

जस्ताची फिल्म

जेल व्हॅक्यूममध्ये किंवा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून बुडबुडे जाऊ द्या. ९ सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकच्या पेट्री प्लेटमध्ये २५ मिली ओता. काचेची प्लेट नको, फिल्म तिला चिकटून फाटते. प्लेट पाणसळीने सपाट ठेवा आणि ४० अंशांच्या आत, वारा न लागता वाळू द्या. पंख्याखाली वाळवली तर कडा आधी सुकतात आणि मध्यभागी भेगा पडतात. दोन-तीन दिवसांनी ०.१२५ ग्रॅमची, चौरस मीटरला साधारण २० ग्रॅम पडेल अशी पातळ फिल्म सुटते. पावसाळ्यात ती सुकल्यासारखी वाटते पण लवचीक ओली असते. डेसिकेटरमध्ये एक दिवस जास्त ठेवा.

जस्त जेलमध्ये मिसळू नका. दोन भारांचा जस्त आयन पडताक्षणी जेल गोठतो आणि गुठळ्या होतात, ओतताच येत नाही. धुताना कॅल्शिअमने जो त्रास दिला, तोच गुण इथे कामी लावायचा. आधी फिल्म पूर्ण वाळवा, मग प्लेटमध्येच तिच्यावर ०.१ मोलर झिंक ॲसिटेट हळूच ओता (१०० मिलीत डायहायड्रेट २.२ ग्रॅम) आणि ३० मिनिटं ठेवा. आधी साधं पाणी लागलं तर फिल्म फुगून विरघळायला लागते. थेट जस्ताचं द्रावण लागलं तर धागे तिथल्या तिथे बांधले जातात. एकाच बुडवणीत दोन गोष्टी साधतात: फिल्म पाण्यात टिकते आणि जंतू मारणारा घटक आत बसतो. डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खंगाळा, मग २ टक्के ग्लिसरीनमध्ये १० मिनिटं. ग्लिसरीन आधी घातलं तर जस्ताच्या द्रावणात ते निघून जातं, म्हणून हा क्रम. शेवटी दोन टीपकागदांमध्ये वजनाखाली वाळवा, नाहीतर फिल्मची सुरळी होते. फार तापवू नका, पिवळी पडू शकते.

किती जस्त बसलं? ग्रॅममागे १ मिलीमोल कार्बोक्सिल असेल तर सैद्धांतिक कमाल ३३ मिलीग्रॅम जस्त. फिल्म पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये तासभर ठेवा, द्रव उदासीन करा, पीएच १० बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घालून ०.०१ मोलर ईडीटीएने टायट्रेट करा. १ मिली ईडीटीए म्हणजे ०.६५ मिलीग्रॅम जस्त. ०.१२५ ग्रॅमच्या फिल्मला ६ मिलीच्या आसपास लागलं पाहिजे. खूप जास्त लागलं तर खंगाळणं अपुरं झालं, सुटं ॲसिटेट अजून चिकटलेलं आहे.

कायटोसानचं कापड

मांजरपाट किंवा खादी घ्या. आधी खळ काढणं आलं: लिटरमागे ५ ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, धुवा. पाण्याचा थेंब कापडावर टाकताच शोषला गेला पाहिजे. थेंब तसाच उभा राहिला तर मेण बाकी आहे, पुन्हा उकळा.

कायटोसान ०.५ टक्के, १ टक्के ॲसेटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळून विरघळवा आणि गाळा. ८५ टक्क्यांहून जास्त डीॲसिटिलेटेड (ॲसिटिल गट काढलेला) माल मागा, कमी असेल तर नीट विरघळत नाही. हे कोळंबीच्या टरफलापासून बनतं, म्हणून पूर्ण शाकाहारी वस्तू हवी असणाऱ्या ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा.

कायटोसान आणि नॅनोसेल्युलोज एकाच भांड्यात ओतले की फाटलेल्या दुधासारखे गोळे होतात. एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. म्हणून थर द्यायचे. कापडाच्या वजनाच्या ३० पट द्रवात बुडवा: कायटोसान १० मिनिटं, खंगाळणं, नॅनोसेल्युलोज ०.२ टक्के १० मिनिटं, खंगाळणं, परत कायटोसान. शेवटचा थर कायटोसानचाच हवा, कारण जंतूच्या ऋणभारित आवरणाला तोच भिडतो. मधलं खंगाळणं चुकवलं तर बुडवणीच्या भांड्यातच गोळे होतात आणि कापडावर पांढरे डाग पडतात.

हे थर साध्या पाण्यात टिकतात, साबणात टिकत नाहीत. कायटोसानचा धन भार पीएच ६.५ च्या वर उतरायला लागतो आणि आपला धुण्याचा साबण ९ ते १० पीएचचा. भार गेला की पकड गेली. म्हणून कापडाला सायट्रिक ॲसिड ५ टक्के आणि सोडिअम हायपोफॉस्फाइट ३ टक्के यांचं द्रावण पाजून, पिळून, ८० अंशांवर वाळवा आणि १६० अंशांवर ३ मिनिटं ठेवा. किंचित पिवळसर छटा येते, ती मान्य करावी लागते. १८० वर नेली तर कापड करपून कमजोर होतं. नंतर भरपूर धुवा.

चांदीबद्दल थोडक्यात. चांदी काम करते, पण महाग आहे, आणि आपल्याकडच्या पाण्यात क्लोराइड असल्याने सिल्व्हर नायट्रेट घालताच पांढरा गढूळपणा येऊन बरीच चांदी वाया जाते. शिवाय ती हळूहळू सुटून सांडपाण्यात आणि मातीत जाते, उपयोगी जिवाणूंनाही मारते. शिकण्यासाठी करा, शेतमालाच्या पॅकिंगसाठी आम्ही ती सुचवणार नाही.

चाचणी

अनेक प्रकल्प-अहवाल इथेच कोसळतात. अगर (जंतू वाढवायची जेली) भरलेल्या प्लेटवर कापडाचा गोल तुकडा ठेवायचा आणि भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायचं, ही रीत सगळ्यांना येते. पण ते वर्तुळ फक्त बाहेर सुटणाऱ्या घटकाचं असतं. घट्ट बांधलेलं कायटोसान बाहेर जातच नाही, म्हणून चांगल्या कापडाभोवती वर्तुळ शून्य येऊ शकतं, आणि नीट न धुतलेल्या वाईट कापडाभोवती मोठं. वर्तुळावरून माल फेकूही नका आणि मिरवूही नका.

संपर्काची चाचणी करा. फिल्मसाठी आयएसओ २२१९६ ची रीत: ५ सेंटिमीटर चौरस नमुना, त्यावर मिलीमागे सुमारे ६ लाख जंतू असलेला ०.४ मिली द्रव, वर ४ सेंटिमीटर चौरस निर्जंतुक प्लॅस्टिक, दमट डब्यात ३५ अंशांवर २४ तास. मग लेसिथिन आणि ट्वीन-८० घातलेल्या १० मिली द्रवात धुऊन, दहापट पातळ करत करत प्लेटवर मोजा. कापडासाठी आयएसओ २०७४३ किंवा अमेरिकन कापड-रसायन संघटनेची एएटीसीसी १०० ही रीत. प्रत्येकाचे तीन नमुने, आणि सोबत जस्त किंवा कायटोसान नसलेले तीन. दोन्हींच्या लॉग संख्येतला फरक २ किंवा जास्त, म्हणजे ९९ टक्के घट, असेल तरच परिणाम धरतात.

कायटोसानच्या बाबतीत आणखी एक तुकडा हवा: फक्त ॲसेटिक आणि सायट्रिक ॲसिडची प्रक्रिया केलेला, कायटोसान नसलेला. त्यावरही जंतू मेले तर मारणारं आम्लच होतं. कापडाचा ओला तुकडा पीएच कागदावर दाबून बघा, ६ ते ७ आला पाहिजे.

जंतू म्हणून ई. कोलायचा निरुपद्रवी के-१२ वाण आणि बॅसिलस सबटिलिस वापरा. चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून कॉलेजला वाण मागवता येतात. स्टॅफिलोकोकस ऑरिअस हाताळायला जैवसुरक्षेची दुसऱ्या पातळीची सोय लागते, साध्या प्रयोगशाळेत नको. काम संपल्यावर सगळ्या प्लेट्स १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

कापडाची चाचणी शून्य, पाच आणि दहा धुण्यांनंतर घ्या. एक धुणं म्हणजे लिटरमागे ५ ग्रॅम साबण, ४० अंश, ३० मिनिटं. धुण्याआधीचाच आकडा छापला तर तो ग्राहकाच्या कामाचा नाही.

कुठे वापरायचं, कुठे नाही

भांडी पुसण्याचं कापड, बुटातली गादी, मास्कचा बाहेरचा थर, चिरलेल्या भाजीच्या डब्यातली पाणी शोषणारी चटई, अशा ठिकाणी हा माल बसतो. संत्र्याभोवती गुंडाळायच्या कागदाची कल्पना नागपूर-वरुडकडे हटकून निघते. चांगली आहे, पण साठवणीत संत्रं सडवतो तो बहुतेक हिरव्या बुरशीचा, पेनिसिलिअम डिजिटॅटमचा, प्रादुर्भाव. ती बुरशी आहे, जिवाणू नव्हे. ई. कोलायवरचा आकडा दाखवून संत्र्याचा कागद विकता येणार नाही. फळांवर बुरशी टोचून वेगळी चाचणी घ्यावी लागेल. तिथे कायटोसान जस्तापेक्षा आधी तपासून बघा.

अन्नाला लागणारी वस्तू विकायची तर अन्न सुरक्षा आणि मानके (पॅकेजिंग) विनियम २०१८ लागू होतात, आणि फिल्ममधून अन्नात किती उतरतं त्याचा अहवाल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून घ्यावा लागतो. जखमेवरची पट्टी म्हणून यातलं काहीही कोणाला देऊ नका, गावात कोणी कितीही आग्रह केला तरी. निर्जंतुकीकरण, पेशींवरचा परिणाम आणि वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा परवाना, यांशिवाय उघड्या जखमेवर प्रयोगशाळेतला माल लावणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

वाळलेली फिल्म किंवा कापड कापताना बारीक धूळ उडते, एन-९५ मास्क लावा. जेलला तो धोका नाही, म्हणून शक्य तितकं काम ओल्यातच करा. मिक्सरच्या या भांड्यात परत चटणी वाटायची नाही. त्यावर रंगाने लिहून प्रयोगशाळेतच ठेवा.

ग्रॅमवरून किलोवर जायचं असेल तर मिक्सर पुरणार नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक प्रकल्प आहे आणि तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे. वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. तिथे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सोबत तीन आकडे न्या: ग्रॅममागे कार्बोक्सिल किती, ग्रॅममागे जस्त किती, आणि दहा धुण्यांनंतर लॉग घट किती.